'ॲज इट इज मेन्शन्ड' मधला 'इट' गाईड का कापतात? ॲज, दॅन, इफ, अनलेस आणि त्यांच्यामागून येणारं पॅसिव्ह

तुम्ही विचारलंय ते आधी थोडक्यात लिहिते, म्हणजे पुढचं नीट लागेल. तुमच्या थिसिसच्या ड्राफ्टमध्ये गाईडनी 'ॲज इट इज मेन्शन्ड इन चॅप्टर टू' मधला 'इट' कापला, 'द यील्ड वॉज लोअर दॅन इट वॉज एक्स्पेक्टेड' मधलाही कापला, पण 'ऑल्दो इट इज बिलीव्हड दॅट...' मधला 'इट' तसाच ठेवला, आणि 'द रिझल्ट्स वेअर पुअर, ॲज वेअर एक्स्पेक्टेड' मधल्या दुसऱ्या 'वेअर'ला गोल करून वर 'वॉज' लिहिलं. कारण कुठेच दिलं नाही, त्यामुळे तुम्हाला वाटतंय की हे सगळं त्यांच्या मूडप्रमाणे चाललंय. तसं नाहीये. चारही निर्णय बरोबर आहेत आणि चारही एकाच मुळातून येतात. मी बरीच वर्षं थिसिस आणि रिसर्च पेपर एडिट करतेय, त्यातले निम्म्याहून जास्त मराठी माध्यमातून शिकलेल्या लोकांचे असतात, आणि हा 'इट' जवळजवळ प्रत्येकात भेटतो. हुशार लोक असतात, विषय उत्तम येतो, बाकी इंग्लिशही चांगलं असतं, फक्त ही एक गोष्ट त्यांना कोणी कधी नीट सांगितलेलीच नसते.

शाळेत आपल्याला एक नियम फार घट्ट शिकवला जातो, की इंग्लिश वाक्याला सब्जेक्ट लागतोच. मराठीत नुसतं 'उजाडलं', 'गडगडतंय', 'मळमळतंय' म्हणून मोकळं होता येतं, इंग्लिशमध्ये तिथे 'इट' आणून बसवावा लागतो, 'इट इज रेनिंग' वगैरे. हा नियम खराच आहे आणि तो आपण इतका चांगला शिकतो की पुढे 'इज' किंवा 'वॉज' टाईप करायची वेळ आली की हात आपोआप आधी 'इट' टाईप करतो. पण 'ॲज' आणि 'दॅन' यांच्यानंतर हा नियम बऱ्याचदा लागू होत नाही, हे मात्र पुस्तकात एका ओळीतसुद्धा नसतं, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

आता आधी तो 'इट' तिथे काय करतो ते बघू. 'इट इज बिलीव्हड दॅट द टेम्पल इज ओल्डर दॅन द फोर्ट' हे वाक्य घ्या. यात काय मानलं जातं? देऊळ किल्ल्याहून जुनं आहे हे मानलं जातं. म्हणजे खरा सब्जेक्ट 'दॅट'पासून पुढचा अख्खा तुकडा आहे, पण एवढं लांबलचक लचांड वाक्याच्या तोंडाशी इंग्लिशला आवडत नाही, म्हणून ते शेवटी जातं आणि पुढच्या जागेवर 'इट' येतो, आपण एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, तसा. रुमाल म्हणजे प्रवासी नव्हे, खरा प्रवासी मागून चढतोय एवढंच तो सांगतो. म्हणून असा 'इट' दिसला की पुढे 'दॅट' किंवा 'टू' घेऊन येणारं कोणीतरी असायला हवं. कोणी येणारच नसेल तर हा 'इट' तिथे नको.

आता 'ॲज'कडे या. 'द मान्सून रीच्ड केरला लेट, ॲज वॉज प्रेडिक्टेड'. कशाचा अंदाज होता? मान्सून केरळात उशिरा पोचणार याचा. पण हे तर वाक्यात आधीच सांगून झालंय, मागून कोणी यायचं राहिलेलं नाही. 'ॲज' त्या आधीच्या अख्ख्या वाक्याकडे बोट दाखवतो आणि 'वॉज प्रेडिक्टेड'ला जो सब्जेक्ट हवा होता तो त्यातच भागतो, मग 'इट' कोणासाठी जागा धरणार? 'विच' बरोबर ताडून बघा, 'विच वॉज प्रेडिक्टेड' आपण सहज लिहितो, 'विच इट वॉज प्रेडिक्टेड' कोणीच लिहीत नाही, कारण तिथे दोन सब्जेक्ट झाले हे कानालाच कळतं. 'ॲज'चंही तेच आहे, फक्त शाळेत त्याला कंजंक्शन म्हणून शिकवल्यामुळे आपल्याला वाटतं की तो फक्त जोडणारा शब्द आहे आणि त्याच्यामागून पूर्ण वाक्य यायला पाहिजे. त्याला नाव काय द्यायचं यावर व्याकरणवाल्यांचंही एकमत नाही, हडलस्टन आणि पुलम यांचं 2002 सालचं ते जाडजूड केंब्रिज व्याकरण तर त्याला प्रीपोझिशन म्हणतं, पण त्याच्यामागची सब्जेक्टची जागा मोकळी राहते यावर वाद नाही. तुम्हाला नावाशी घेणंदेणं नाही, त्या मोकळ्या जागेशी आहे.

मग कुठली क्रियापदं अशी 'ॲज'मागून चालतात? साधी परीक्षा आहे. 'इट वॉज... दॅट' असं वाक्य त्या क्रियापदाने होतं का बघा. 'इट वॉज एक्स्पेक्टेड दॅट' होतं, म्हणून 'ॲज वॉज एक्स्पेक्टेड' होतं. तसंच मेन्शन, नोट, शो, रिपोर्ट, अग्री, डिसाईड, पॉइंट आउट, सगळी होतात. 'इट वॉज इरिगेटेड दॅट' होत नाही, म्हणून शेताबद्दल बोलताना 'ॲज वॉज इरिगेटेड' अशी शेरेवजा पुस्ती जोडता येत नाही. विशेषणांनाही हे चालतं, 'ॲज इज वेल नोन', 'ॲज इज युज्वल', 'ॲज इज एव्हिडंट फ्रॉम टेबल थ्री'. आणि विल, कॅनसारखं मॉडल क्रियापद आलं तरी काही बदलत नाही, 'ॲज विल बी शोन', 'ॲज कॅन बी सीन'. या शेवटच्याचा तर सुळसुळाट आहे. आयइएलटीएस या इंग्लिशच्या परीक्षेत ॲकॅडमिक रायटिंगमध्ये पहिल्या टास्कला ग्राफ किंवा टेबल बघून किमान 150 शब्द लिहायचे असतात आणि तिथे 'ॲज इट कॅन बी सीन फ्रॉम द ग्राफ' हे पाठ करून गेलेले कितीतरी विद्यार्थी असतात. 'इट' काढा, 'ॲज कॅन बी सीन फ्रॉम द ग्राफ' एवढंच बरोबर आहे.

पण म्हणून 'ॲज इट' दिसला की डोळे मिटून कापायचा असं करू नका, कारण तीन ठिकाणी तो शंभर टक्के बरोबर असतो आणि तिथे कापला तर वाक्य मोडतं. एक म्हणजे 'ॲज'चा अर्थ 'कारण' असेल तेव्हा. 'ॲज इट वॉज अग्रीड दॅट द वर्क वुड स्टॉप, द मशिन्स वेअर रिमूव्हड', काम थांबवायचं ठरलं म्हणून मशिन्स हलवली, इथे 'ॲज' म्हणजे 'बिकॉज', पुढे 'दॅट' आहे, रुमाल हवाच. आणि याच कारणामुळे तुमचं 'ॲज इट इज मेन्शन्ड इन चॅप्टर टू' नुसतं कानाला खटकतं असं नाही, इंग्लिश वाचणारा माणूस क्षणभर ते 'चॅप्टर टूमध्ये लिहिलंय म्हणून' असं वाचतो आणि मग पुढचं वाक्य त्याला जुळत नाही. दुसरं ठिकाण म्हणजे 'इट' एखाद्या खऱ्या वस्तूसाठी आलेला असतो, 'द मॅन्युस्क्रिप्ट इज प्रिंटेड ॲज इट वॉज फाउंड', हस्तलिखित जसं सापडलं तसं छापलंय, इथे 'इट' म्हणजे हस्तलिखित. तिसरं, 'इट' म्हणजे एखादी संस्था. कायद्यात 'द कोर्ट मे मेक सच ऑर्डर ॲज इट थिंक्स फिट' असं कायम येतं, तिथे 'इट' म्हणजे कोर्ट आहे, ते वाक्य पॅसिव्हसुद्धा नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी एकदा हा नियम ऐकला की उत्साहात हाही 'इट' कापतात, तो कापू नका.

आता 'ॲज'मधली जी गोष्ट मला सगळ्यात धोक्याची वाटते ती सांगते, आणि ही तुमच्या गाईडनीही खुणावली नसणार कारण ती व्याकरणाची चूक म्हणून दिसतच नाही. वाक्यात 'नॉट' असेल आणि शेवटी 'ॲज वॉज प्रेडिक्टेड' आलं तर अर्थ दोन होतात. 'द रेन्स डिड नॉट अराईव्ह इन जून, ॲज वॉज प्रेडिक्टेड'. अंदाज काय होता? पाऊस जूनमध्ये येईल असा होता आणि तो चुकला, की येणार नाही असा होता आणि तो खरा ठरला? दोन्ही वाचता येतं. मराठीतही बघा, 'अंदाजाप्रमाणे पाऊस जूनमध्ये आला नाही' याचा हाच घोळ होतो, बोलताना आपण आवाजाच्या चढउतारावर भागवतो पण कागदावर आवाज नसतो. स्वल्पविरामाने थोडा फरक पडतो पण त्याच्यावर विसंबू नये, अर्धे लोक स्वल्पविराम श्वास घ्यायच्या जागी देतात. दोन उपाय आहेत. तो तुकडा वाक्याच्या सुरुवातीला न्या, 'ॲज वॉज प्रेडिक्टेड, द रेन्स डिड नॉट अराईव्ह इन जून', आता अंदाज 'येणार नाही' असाच होता हे वाचणाऱ्याला कळतं. आणि अंदाज चुकला असं म्हणायचं असेल तर सरळ 'कॉन्ट्ररी टू व्हॉट वॉज प्रेडिक्टेड' लिहा. रिझल्ट्स आणि डिस्कशनच्या चॅप्टरमध्ये 'ॲज वॉज हायपोथेसाईज्ड' शोधून बघा आणि त्या वाक्यात 'नॉट' आहे का तपासा, असेल तर परीक्षकाला तुमचं हायपोथेसिस टिकलं की पडलं हेच कळणार नाही, आणि अख्ख्या थिसिसचा कणा तो आहे.

अजून एक, हे विशेषतः कायदा आणि पत्रकारितावाल्यांसाठी. 'इट वॉज अलेज्ड दॅट द ऑफिसर टुक द मनी' असं लिहिलं तर तुम्ही फक्त एवढंच सांगता की असा आरोप झाला, पैसे घेतले की नाही याबद्दल तुम्ही काहीच म्हणत नाही. पण 'द ऑफिसर टुक द मनी, ॲज वॉज अलेज्ड' लिहिलं की पैसे घेतले हे मुख्य वाक्य झालं, ते तुम्ही स्वतः म्हणताय, आणि आरोप हा त्याला नुसता दुजोरा झाला. म्हणजे शब्द तेच पण जबाबदारी कोणाची ते बदललं. म्हणून जिथे तुम्हाला स्वतःला खात्री नाही तिथे 'ॲज' वापरू नका, 'इट' आणि 'दॅट'चं लांब वाक्यच लिहा, तिथे तो लांबपणा कामाचा आहे.

आता 'दॅन'. तुमचं वाक्य 'लोअर दॅन वॉज एक्स्पेक्टेड' असं हवं, किंवा आणखी आटोपशीर 'लोअर दॅन एक्स्पेक्टेड'. इथेही तुलनेमध्ये सब्जेक्टची जागा मोकळी ठेवायची असते. गंमत अशी की तुमच्याच वाक्यात शेवटी दोन शब्द घातले असते तर 'इट' वाचला असता, 'द यील्ड वॉज लोअर दॅन इट वॉज एक्स्पेक्टेड टू बी'. हे बरोबर आहे, कारण आता 'इट' म्हणजे यील्ड, एक खरी वस्तू. तसंच 'लोअर दॅन इट वॉज इन 2019' हेही बरोबर. म्हणजे 'दॅन'नंतर 'इट' दिसला की आधी विचारायचं, हा कोण? उत्तर मिळालं तर ठेवायचा.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण मला भारतीय दंड संहितेत मिळालं, 1860 च्या त्या कायद्यातलं कलम 99, स्वसंरक्षणाच्या हक्काची मर्यादा सांगणारं. त्यात असं वाक्य आहे, 'द राईट ऑफ प्रायव्हेट डिफेन्स इन नो केस एक्स्टेंड्स टू द इन्फ्लिक्टिंग ऑफ मोअर हार्म दॅन इट इज नेसेसरी टू इन्फ्लिक्ट फॉर द पर्पज ऑफ डिफेन्स'. इथे 'दॅन'नंतर 'इट' आहे आणि तो अगदी योग्य आहे. का? कारण मागून 'टू इन्फ्लिक्ट' येतंय, रुमाल त्याच्यासाठी टाकलाय, आणि तुलनेची मोकळी जागा सब्जेक्टची नसून 'इन्फ्लिक्ट' या क्रियापदाच्या कर्माची आहे, किती इजा करायची ती. तेच तुम्ही 'टू इन्फ्लिक्ट' काढून लिहिलं तर 'मोअर हार्म दॅन इज नेसेसरी' होतं, 'इट' लगेच जातो, कारण आता मोकळी जागा सब्जेक्टची झाली. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी वहीत लिहून ठेवा. माझ्या मते या विषयावर याहून चांगलं शिकवणारी जोडी नाही, आणि हा कायदा आता 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेने बदलला असला तरी इंग्लिश शिकायला ते जुने मसुदे फार चांगले आहेत, एकेक शब्द तोलून ठेवलेला असतो.

मोजमापाच्या 'ॲज... ॲज'लाही हेच लागू, 'ॲड ॲज मच वॉटर ॲज इज रिक्वायर्ड', मध्ये 'इट' नाही. आणि संविधानाच्या अनुच्छेद 22 मध्ये अटक केलेल्या माणसाला कारणं 'ॲज सून ॲज मे बी' सांगितली पाहिजेत असं आहे, तिथेही सब्जेक्टची जागा मोकळीच आहे. हा जुना ठोकळा आहे, 'इफ नीड बी' सारखा, तो आहे तसाच वापरायचा, त्यात काही बसवायला जायचं नाही.

बाकीची उभयान्वयी अव्ययं म्हणजे बिकॉज, ऑल्दो, सिन्स, व्हेअरॲज, आणि पूर्ण वाक्य घेणारा इफ, ही फक्त जोडतात, त्यांच्यात अशी मोकळी जागा नसते, म्हणून तिथे शाळेतला नियम पूर्ण लागू होतो. 'ऑल्दो इट इज बिलीव्हड दॅट' बरोबर, 'ऑल्दो इज बिलीव्हड दॅट' चूक. तुमच्या गाईडनी तिथे हात लावला नाही तो यामुळे. दंड संहितेची प्रस्तावनाच बघा ना, 'व्हेअरॲज इट इज एक्स्पीडियंट टू प्रोव्हाईड अ जनरल पीनल कोड फॉर इंडिया; इट इज इनॅक्टेड ॲज फॉलोज'. सरकारी मराठीतलं आपलं 'ज्याअर्थी... त्याअर्थी' म्हणजे हेच. एका वाक्यात 'व्हेअरॲज'मागे 'इट' आहे आणि 'ॲज'मागे नाही, आणि 'फॉलोज' एकवचनी आहे जरी पुढे पाचशेच्या वर कलमं येतात तरी. 'ॲज फॉलो' असं कधीच लिहायचं नाही, पुढे यादी कितीही लांब असो. जाता जाता, 'ऑल्दो'ने सुरू केलेल्या वाक्यात पुढे 'बट' घालू नका, आपल्या 'जरी... तरी'च्या सवयीने तो येतो, इंग्लिशमध्ये दोघांपैकी एकच पुरतो.

आता छोटं रूप, जिथे सब्जेक्ट आणि 'इज' दोन्ही गाळून नुसतं व्ही थ्री, म्हणजे 'मेन्शन्ड'सारखं क्रियापदाचं तिसरं रूप, राहतं. 'इफ रिक्वायर्ड', 'अनलेस अदरवाईज स्टेटेड', 'व्हेअर इंडिकेटेड', 'ॲज मेन्शन्ड अबव्ह', 'वन्स अप्रूव्हड'. फॉर्मल इंग्लिशमध्ये हे फार चालतं आणि चांगलंही दिसतं, तुमच्या थिसिसमध्ये मी बहुतेक सगळीकडे 'ॲज इज मेन्शन्ड'पेक्षा 'ॲज मेन्शन्ड'च सुचवीन. मराठीतलं 'वर सांगितल्याप्रमाणे', 'गरज पडल्यास' जितकं सुटसुटीत आहे तितकंच हे आहे. पण गाळलेला सब्जेक्ट कोण हे लेखकाला माहीत असायला हवं, कारण दोन शक्यता असतात. एक, तो अख्ख्या वाक्याबद्दलचा असतो, 'इफ रिक्वायर्ड, द कमिटी विल मीट अगेन', म्हणजे तशी गरज पडली तर, कमिटीची गरज पडली तर असं नव्हे. दुसरी, तो मुख्य वाक्याचाच सब्जेक्ट असतो. संविधानाच्या अनुच्छेद 105 मध्ये संसदेच्या विशेषाधिकारांबद्दल 'अन्टिल सो डिफाइन्ड' असे तीन शब्द आहेत, म्हणजे संसद कायदा करून ते ठरवत नाही तोपर्यंत, आणि राज्यांच्या विधिमंडळांसाठी अनुच्छेद 194 मध्ये तीच भाषा आहे. 1950 मध्ये या शब्दांपुढे ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्सचे विशेषाधिकार लागू राहतील असं होतं, नंतर 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने कॉमन्सचं नाव काढलं. पण ते सगळे विशेषाधिकार लिहून काढणारा कायदा काही संसदेने केला नाही, आणि हक्कभंगाचे इतके वाद झाले, 1958 चं पाटण्याच्या सर्चलाइट वर्तमानपत्राच्या संपादकाचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, त्या सगळ्याच्या मुळाशी ही तात्पुरती म्हणून केलेली तीन शब्दांची सोय आहे. सब्जेक्ट गाळलाय पण वाचणाऱ्याला शंका येत नाही, कारण मुख्य वाक्याचा सब्जेक्ट 'पॉवर्स, प्रिव्हिलेजेस अँड इम्युनिटीज' आहे आणि डिफाईन त्याच व्हायच्या आहेत.

सायन्सच्या पेपरमध्ये नेमकं हेच बिघडतं. 'व्हेन ड्राईड इन शेड, वी फाउंड दॅट द लीव्ह्ज लॉस्ट देअर कलर' असं लिहिलं तर सावलीत तुम्हीच वाळलात असा अर्थ होतो. 'व्हेन ड्राईड इन शेड, द लीव्ह्ज लॉस्ट देअर कलर' करा, झालं. 'ॲज मेन्शन्ड', 'इफ नेसेसरी', 'अनलेस अदरवाईज स्टेटेड' यांना ही भीती नाही, ती अख्ख्या वाक्याबद्दल असतात, म्हणून त्यांच्यापुढे 'वी' आला तरी बिघडत नाही.

आणि हे छोटं रूप सगळ्यांना चालत नाही. 'बिकॉज रिक्वायर्ड' होत नाही, 'आफ्टर अप्रूव्हड बाय द कमिटी' होत नाही. 'मंजूर झाल्यावर' हे डोक्यात असल्यामुळे 'आफ्टर अप्रूव्हड' फार जणांच्या हातून येतं, तिथे 'आफ्टर बीइंग अप्रूव्हड' किंवा 'वन्स अप्रूव्हड' लिहा. 'ॲज पर मेन्शन्ड अबव्ह', 'ॲज पर डिस्कस्ड' हे ऑफिसच्या ईमेलमधून थिसिसमध्ये घुसलेलं आहे. 'ॲज पर'ला नाम लागतं, 'ॲज पर द रूल्स', आणि व्ही थ्री हवं असेल तर नुसता 'ॲज', 'ॲज डिस्कस्ड'. या दोघांची भेळ करायची नाही. माझ्यापुढे पेपर आला तर मी 'ॲज पर'ही काढून 'अंडर द रूल्स' किंवा 'अकॉर्डिंग टू' करते, बाहेरच्या जर्नलला तो शब्द कचेरीतला वाटतो.

हे सगळं आल्यावर माणसाला ते सगळीकडे वापरावंसं वाटतं, तर तिथे थोडं थांबा. 'ॲज इज वाइडली बिलीव्हड' लिहिलं की रिव्ह्यूअर लगेच विचारतो, कोण मानतं? संदर्भ द्या. हे पॅसिव्ह तेव्हाच शोभतं जेव्हा करणारा कोण हे सांगायची गरजच नाही, म्हणजे 'ॲज शोन इन फिगर टू' किंवा 'ॲज अग्रीड'. जिथे कोणी म्हटलंय हे महत्त्वाचं आहे तिथे त्या माणसाचं नाव घ्या. आणि स्वतःच्या निष्कर्षाला 'इट इज फेल्ट दॅट' म्हणू नका, 'वी अर्ग्यू दॅट' लिहा. एपीएची, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची, लेखनाची मॅन्युअल आता कर्तरी वाक्यरचनेलाच पसंती देते आणि स्वतःच्या कामाबद्दल 'वी' म्हणायला तिची हरकत नाही. तुमच्या विभागाचे नियम वेगळे असतील तर ते पाळा, पण नियम नसेल तर उगाच तोंड लपवू नका, काम तुम्ही केलंय.

आता अख्खा ड्राफ्ट कसा तपासायचा, तर वर्डमध्ये 'ॲज इट' आणि 'दॅन इट' हे दोन सर्च करा, एवढंच. प्रत्येक ठिकाणी बघा की 'इट' म्हणजे एखादी वस्तू किंवा संस्था आहे का, नसेल तर पुढे 'दॅट' किंवा 'टू' येतंय का, आणि दोन्ही नसेल, 'ॲज'चा अर्थ 'कारण'ही नसेल, तर 'इट' उडवा. पुढे 'दॅट' आलं तरी एकदा खात्री करा की 'ॲज' तिथे 'कारण' या अर्थाने आलाय. 'ॲज इट इज नोन दॅट सॉइल लूजेस नायट्रोजन' असं लिहून तिथेच फुलस्टॉप दिलेली वाक्यं मी पाहिलीयेत, त्यात मुख्य वाक्यच नाही, तिथे 'ॲज'च काढावा लागतो.

राहिला तुमचा चौथा प्रश्न, 'ॲज वेअर एक्स्पेक्टेड'. रिझल्ट्स अनेक आहेत म्हणून तुम्ही 'वेअर' लिहिलं, पण अपेक्षित काय होतं? रिझल्ट्स वाईट येणार हे, ती एकच गोष्ट आहे, म्हणून 'वॉज'. मुख्य वाक्यात कितीही अनेकवचन असलं तरी अशा शेऱ्याच्या 'ॲज'मागे एकवचनच. फक्त 'सच' आला की हिशोब बदलतो, 'सच रिझल्ट्स ॲज वेअर एक्स्पेक्टेड', 'सच फीज ॲज आर प्रिस्क्राईब्ड', इथे 'ॲज' अख्ख्या वाक्याकडे न बघता रिझल्ट्सकडे, फीजकडे बघतो, म्हणून 'वेअर' आणि 'आर' बरोबर आहेत. तुम्ही पाठवलेल्या पानात खाली मेथड्सच्या भागात 'सच सॅम्पल्स ॲज वेअर कलेक्टेड बिफोर नून' असं एक वाक्य आहे, ते गाईडनी तसंच ठेवलंय, तुम्हीही त्याला हात लावू नका.